वास न येणारी दारू

माझी बायको विमल रोज संध्याकाळी माझ्या तोंडाचा वास घ्यायची. मी शाळेतून आलो, सायकल ओसरीला टेकवली, की ती पाण्याचा गडवा घेऊन नको तितकी जवळ यायची. सुरुवातीला मला बरं वाटायचं. लग्नाला अकरा वर्षं होऊनही बाईची माया टिकून आहे, अशी माझी समजूत. मग एकदा लक्षात आलं की गडवा हातात देताना ती श्वास आत ओढते आणि तसाच धरून ठेवते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गुरुजी. घर सेलूला, शाळा चार मैलांवरच्या खेड्यात. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. बंदीनं दारू गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. त्यामुळे पिणारा माणूस ओळखायची विद्या गावागावात घरोघरी आली. पडलेले डोळे, जड जीभ, तिरकी चाल, एवढ्यावर माणसाचा निकाल लागायचा. माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजाराचे नवे पेशंट फार घाबरून येतात, तुम्ही गुरुजी आहात, तुमचं झालं-गेलं साध्या भाषेत लिहून द्या. म्हणून लिहितो आहे. दीड-दोन पानांनंतर माझं अक्षर खाली घसरायला लागतं, मग वही मिटून पडून राहतो. लिखाण तुटक वाटलं तर दोष माझ्या हाताचा आहे.

शनिवार

पहिल्यांदा डावी पापणी पडली. दुपारच्या सुट्टीनंतर ती अर्ध्यावर यायची आणि मी बोटानं वर करायचो. पोरांना वाटायचं गुरुजी डोळा मारतात. मग फळ्यावर लिहिताना हात वर राहीना. वरच्या ओळीपासून सुरुवात करायची माझी सवय सुटली आणि मी फळ्याच्या मध्यावरच तारीख टाकू लागलो. चारच्या सुमाराला आवाज नाकातून यायला लागायचा. कविता म्हणायला घेतली की तिसऱ्या कडव्यात शब्द एकमेकांत मिसळून जायचे.

घरी जेवताना भाकरीचे चार घास जायचे, पाचव्याला जबडा संपायचा. मी हनुवटीखाली हात धरून चावायचो. पाणी प्यायलो तर नाकातून बाहेर यायचं. हसू आलं तर तोंड भलतंच व्हायचं. आरशात पाहिलं तेव्हा कुणावर तरी गुरकावल्यासारखं दिसलं. मी हसणं बंद केलं.

आणि सायकल. संध्याकाळी मला एकाचे दोन दिसायचे. दोन रस्ते, दोन बैलगाड्या. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असायची आणि मी त्यांतली खरी कोणती हे ठरवत हेलकावे खात जायचो. एकदा सरळ नालीत गेलो. गाडीवानानं हात देऊन काढलं, कपडे झटकून दिले आणि मोठ्या मायेनं सांगितलं, "गुरुजी, थोडी कमी घेत जा. लेकरं शिकवता तुम्ही." मी म्हणालो, मी घेत नाही. ते माझ्या तोंडून इतकं बोबडं निघालं की त्यानं नुसती मान हलवली.

सकाळी मात्र मी ठणठणीत. झोपून उठलो की पापणी वर, आवाज खणखणीत. म्हणूनच शनिवारनं माझा घात केला. शनिवारी सकाळची शाळा, साडेसात ते अकरा. त्या दिवशी मी फळा वरपर्यंत भरायचो, कविता चालीत म्हणायचो. बाकी दिवस अकरा ते पाच. गावानं हिशेब मांडला की गुरुजी दुपारच्या सुट्टीत कुठंतरी जाऊन लावून येतो आणि शनिवारी दुपारची सुट्टीच नसते, म्हणून त्या दिवशी शुद्धीत असतो. यात चुकीचं काय आहे ते मलाही दाखवता येईना.

सेलूच्या डॉक्टरांकडे मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा सकाळी, शाळेच्या आधी. त्यांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि ताकदीचं इंजेक्शन दिलं. त्यांचा काय दोष? मी त्यांच्यापुढं धडधाकट उभा होतो. हा आजार विश्रांतीनं झाकला जातो आणि आपण दवाखान्यात नेमके विश्रांती घेऊन जातो.

सर्टिफिकेट

गावातून पंचायत समितीत माझ्याविरुद्ध अर्ज गेला. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सगळे बडे गुरुजी म्हणत. भला माणूस. त्यांनी मला आंब्याखाली नेलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"माझा तुमच्यावर भरोसा आहे गुरुजी," ते म्हणाले. "पण गावाचा नाई. तुम्ही मोठ्या दवाखान्यातून लिहून आणा, की हा माणूस दारू पीत नाई. मग मी पाहून घेतो."

म्हणजे मी मोठ्या दवाखान्यात गेलो तो आजार दाखवायला नाही. पीत नसल्याचं सर्टिफिकेट आणायला गेलो. या वयात, बारा वर्षांच्या नोकरीनंतर. विमल सोबत आली. एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी एकदा तिला विचारलं, तुला तरी खरं वाटतं ना? ती म्हणाली, "वास तं येत नाई कधी." हे उत्तर नव्हतं, पण मी ते घेतलं. त्या दिवसांत मी इतका थकलो होतो की भांडायलाही जबडा लागतो याची मला जाणीव होती.

एकोणतीसचा पाढा

वर्ध्याजवळच्या त्या दवाखान्यात रांग खूप मोठी होती. सकाळी नऊला चिठ्ठी काढली, नंबर लागला तो दोन वाजून गेल्यावर. तेव्हा मी रांगेवर चरफडत होतो. आज म्हणतो, त्या रांगेनं मला वाचवलं. सकाळी दहाला नंबर लागला असता तर मी पुन्हा धडधाकट दिसलो असतो.

तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी सर्टिफिकेटचं सांगायला लागलो आणि आवाज नाकात गेला. त्यांनी हातातलं पेन ठेवलं. वर छताकडे बघा, पापणी मिटू नका, म्हणाल्या. मी पाहत राहिलो. हळूहळू दोन्ही पापण्या खाली आल्या आणि छत दिसेनासं झालं.

"आता एकपासून मोठ्यानं आकडे मोजा," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, गुरुजी आहे, पाढा म्हणतो. कोणता? एकोणतीसचा. हा पाढा मी बारा वर्षं झोपेतून उठून म्हणू शकत होतो. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पाचापर्यंत नीट गेलो, सहाला शब्द चिकट झाले, साताला तोंडातून नुसता वारा आला. मला पाढा येत होता. तो मनात पुढं चाललाही होता. तोंड मागं राहिलं होतं. मला रडू आलं आणि रडतानाही चेहरा नीट वाकडा होईना.

त्यांनी दंडात एक इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवलं. विमल शेजारी बसून होती. वीस मिनिटं झाली असतील. समोरच्या भिंतीवरची दोन घड्याळं एकमेकांत सरकली आणि एक झालं. पापण्या वर गेल्या. बाई म्हणाल्या, आता म्हणा पाढा. मी म्हटला. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद, असं वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हटलं. बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावली.

"तुम्हाला मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारूचा याच्याशी काही संबंध नाही."

नावापेक्षा मला दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. मी विमलकडे पाहिलं. ती पदर तोंडावर घेऊन रडत होती. मला वाटलं, आनंदानं रडते आहे.

पुडी

मग बाईंनी विचारलं, दुसरं कोणतं औषध चालू आहे का? मी म्हणालो, ताकदीची दोन इंजेक्शनं घेतली, बाकी काही नाही.

विमल उभी राहिली. "मी देत होती त्यायले," ती म्हणाली. "भाजीत. दारू सुटाची पुडी."

मला आधी कळलंच नाही. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघून, माझ्याकडे न बघता. तिच्या आईनं हिंगणघाटहून पुडी आणून दिली होती. असली औषधं आमच्याकडे बायका बायकांकडून घेतात, नवऱ्याला कळू द्यायचं नसतं, कळलं तर गुण येत नाही म्हणतात. सात महिने ती रोज रात्रीच्या भाजीत चिमूटभर टाकत होती. मला भाजी कडवट लागायची आणि मी समजत होतो की जीभही बिघडली.

"अन् वास येत नव्हता तरी दिली?" मी विचारलं.

"वास येत नव्हता म्हणूनच दिली," ती म्हणाली. "मले वाटलं, पुडी लागू पडून राह्यली."

बाई रागावल्या नाहीत. पुडीत काय होतं ते सांगता येणार नाही, आजार त्यानं झालेला नाही, पण यापुढं विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही, एवढंच बोलल्या. त्यांनी मला भरती करून घेतलं. आजार सापडला त्या दिवशी पेशंटला काय वाटतं, असं मला पुढं अनेकांनी विचारलं. मला आजाराची भीती वाटलीच नाही. गाव तर गाव, पण माझ्या घरातली, माझ्या ताटात वाढणारी बाई सात महिने मला दारुडा समजत होती, एवढंच डोक्यात होतं.

हा आजार म्हणजे काय

मला समजलं तेवढं सांगतो. शाळेत बडे गुरुजी नोटीस लिहितात, शिपाई ती वही वर्गावर्गात फिरवतो, गुरुजी सही करतात आणि काम होतं. शरीरात डोकं नोटीस लिहितं, नस ती घेऊन जाते, स्नायूनं ती घ्यायची असते. या आजारात नोटीसही ठीक, शिपाईही ठीक, पण वर्गांची दारं आतून लागलेली. आणि ती लावली कोणी? परक्या रोगजंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते तिनंच, चुकून, आपल्याच माणसांना परकं समजून. हे ऐकलं तेव्हा मला विमलची पुडी आठवली.

हा संसर्गानं होत नाही, पापानं होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. छातीत हाडामागं एक ग्रंथी असते, तिचा यात हात असतो म्हणतात. गोळ्या दारं थोडा वेळ किलकिली करतात. म्हणून त्या वेळेवर घ्यायच्या, दर चार तासांनी, आणि जेवणाआधी अर्धा तास, म्हणजे जेवायला जबडा मिळतो. गोळीनं पोटात मुरडा येतो, तोंडाला लाळ सुटते. त्याची सवय होते. नाही झाली तर डॉक्टरांना सांगायचं, आपणच कमी करायची नाही.

तीन आठवडे

वॉर्डातल्या दिवसाला सुरुवात आणि शेवट नसतो, नुसत्या फेऱ्या असतात. थर्मामीटरची फेरी, गोळ्यांची फेरी, झाडूची फेरी. एक वयस्क सिस्टर होत्या. बाकीच्यांना चहा मिळायचा तेव्हा माझी गोळी नुकतीच पोटात गेलेली असायची आणि घोट उतरायचा नाही. त्या माझा चहा झाकून ठेवायच्या आणि अर्ध्या तासानं आणून द्यायच्या. न सांगता, रोज. तेवढ्या दिवसांत मला जर कुणाचा आधार वाटला असेल तर त्या झाकलेल्या चहाचा.

विमल घरून डबा आणायची. मी तो शेजारच्या पेशंटला द्यायचो आणि दवाखान्याची पातळ खिचडी खायचो. चावायला सोपी जाते, असं कारण सांगायचो. ती रिकामा डबा घेऊन परत जायची.

घरी आल्यावरही तसंच. ती वाढायची आणि मी आधी भाजीचा वास घ्यायचो. तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला, मी तिच्या भाजीचा. फिटंफाट झाली असं कुणी म्हणेल, पण कशाची फिटंफाट. दोन माणसं एका ताटाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना हुंगत होती. गोळी ती द्यायला यायची तेव्हा मी म्हणायचो, ठेव तिथं. मग स्वतः बाटलीतून काढून, नीट पाहून घ्यायचो.

शाळेत सर्टिफिकेट दिलं. बड्या गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हा रोग दारूनं होते काय? मी नाही म्हटलं. त्यांनी मला सकाळचे तास लावून दिले, दुपारी हजेरीपटाचं काम. अर्ज निकाली निघाला. गावानं माफी वगैरे मागितली नाही. गावाची तशी पद्धत नसते. फक्त एके दिवशी तो गाडीवान थांबला, सायकल गाडीवर टाकली आणि मला सेलूपर्यंत आणून सोडलं.

ऑपरेशन

पुढच्या वर्षी नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात छातीतली ती ग्रंथी काढली. छातीवर टाक्यांचा उभा व्रण आहे. शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं, म्हणून विमलनं माझ्यापुढं पाटी धरली. मी लिहिलं, किती वाजले. इतक्या मोठ्या प्रसंगी याहून शहाणं काही सुचलं नाही.

लोक विचारतात, ऑपरेशननं लगेच बरं वाटलं का? नाही. वर्षभर काही कळलं नाही. मग एकदा पाच वाजता शाळा सुटली आणि घरी येईपर्यंत रस्ता एकच राहिला. मी सायकलवरून उतरून तो रस्ता नीट पाहून घेतला. त्यानंतर हळूहळू गोळ्या कमी झाल्या. बंद मात्र झाल्या नाहीत.

चमचा

हे शेवटचं लिहावं की नाही यावर बरेच दिवस गेले. आधी यातलं कामाचं सांगतो, म्हणजे कुणी तसं करणार नाही. ऑपरेशननंतर दोनेक वर्षांनी मला हिवताप आला. रक्त घेऊन जाणारा कर्मचारी घरोघर फिरायचा, त्यानं तापाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या सगळ्या गावाला चालायच्या, म्हणून मीही घेतल्या. आमच्या आजाराला त्या चालत नाहीत, निदान विचारल्याशिवाय नाही. काही इंजेक्शनंही चालत नाहीत. आपल्या आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी आणि कोणतीही गोळी घेण्याआधी ती दाखवावी. मी आज ठेवतो, तेव्हा ठेवत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मान उशीवरून उचलेना. आवाज गेला. श्वास वरवर चालू होता, खाली पोचत नव्हता. शेजारचे लोक जीप बघायला धावले. रोजच्या गोळीची वेळ झालेली होती आणि विमलनं ती माझ्या जिभेवर ठेवली. गोळी तिथंच राहिली. गिळायची कशी हेच शरीर विसरलं होतं.

तिनं गोळी काढून घेतली. मला कुशीवर पडून दिसेल तेवढंच दिसत होतं: चूल, पाटा आणि तिचे हात. तिनं गोळी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं दाबली, भुकटी चमच्यात घेतली, दोन थेंब पाणी टाकलं. मग उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. चमचा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला.

ती भुकटीकडे पाहत होती आणि मला कळलं ती काय पाहते आहे.

"तुमचीच गोळी आहे," ती म्हणाली. "तुमच्या डोयासमोर कुटली. पाह्यलं ना तुम्ही?"

मला सांगायचं होतं की पाहिलं. जीभ हलली नाही. मान हलली नाही. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि त्या फटीतून मला दोन विमल दिसत होत्या, दोघींच्या हातात चमचा. ती वाट पाहत होती. मी हो म्हटल्याशिवाय ती देणार नव्हती, आणि हो म्हणायला माझ्याकडे काहीच शिल्लक नव्हतं.

पुढं डॉक्टरीणबाई आम्हा दोघांवर चांगल्याच रागावल्या. गिळता येत नसताना घशात काही ओतायचं नसतं, श्वासनळीत गेलं तर माणूस जातो, थेट दवाखान्यात यायचं असतं. हे वाचणाऱ्यांनी तसंच करावं. आम्ही केलं ते चूक होतं.

पण त्या दुपारी मी उरलेली ताकद गोळा केली आणि ओठ उघडले. बोटभर उघडले असतील. तिनं चमचा आत सोडला आणि भुकटी जिभेवर पसरली. कडू होती. तीन-चार वर्षांपूर्वीच्या भाजीसारखी कडू. मी ती तशीच राहू दिली, हळूहळू खाली जाऊ दिली.

थोड्या वेळानं जीप आली. मला उचलताना विमल माझ्या तोंडाजवळ वाकली आणि तिनं श्वास आत ओढला. या वेळी ती माझा श्वास चालू आहे का ते पाहत होती.